सांडपाण्याची तीन तळी: वर्ष सरत आल्यावरचा अनुभव

दिवाळीनंतर आमच्या गावात गटारीचं सांडपाणी साफ करणारी तीन तळी सुरू झाली. हिवाळा, उन्हाळा आणि आता पावसाळाही त्यांच्यावरून गेला, म्हणून लिहितोय. आजूबाजूच्या गावांतून पहिला प्रश्न एकच येतो: वास येतो का?

येतो. पहिल्या तळ्याला येतो, पहाटे आणि ढगाळ हवेत जास्त. हे तळं सगळ्यात खोल. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे घाण कुजवतात आणि गाळ तळाशी बसतो. दुसरं साधारण दीड मीटरचं, हिरवंगार. ते हिरवं पाणी बघून लोक नाक मुरडतात, पण सगळं काम त्या शेवाळाचंच आहे. ते उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि त्यावर जगणारे जिवाणू उरलेली घाण खातात. तिसऱ्या उथळ तळ्यात ऊन आणि साठवणीचा काळ यांमुळे रोगजंतू घटतात. मोटार नाही, वीज नाही. आमच्यासारख्या लाईट जाणाऱ्या गावात याचं मोल फार आहे.

शोषखड्डे का नाही केले? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांतून डास हटवले, तेव्हा आम्हालाही तेच हवं होतं. पण आमच्या गावठाणाखाली काळी चिकण माती आहे. ती फुगली की पाणी मुरतच नाही, आणि पावसाळ्यात खड्डे भरून वाहतात. तळ्यासाठी मात्र तीच माती उत्तम, कारण तिच्यातून पाणी फारसं झिरपत नाही.

हिशेब सोपा आहे. माणशी रोज 55 लिटर नळाचं पाणी धरलं आणि त्यातलं 80 टक्के गटारीत आलं, तर दीड हजार वस्तीला रोज 66 हजार लिटर होतं. पूर्वी हे सगळं ओढ्यात जायचं आणि ओढ्याकाठच्या विहिरींना त्रास व्हायचा.

डासांची तक्रार उन्हाळ्यात झाली. खरं कारण तळ्याचं पाणी नव्हतं, काठावरचं गवत होतं. त्याच्या सावलीत अळ्या वाढतात. काठ साफ केले, तिसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडले, आणि फरक सगळ्यांना दिसला. जलपर्णी दिसली की त्याच दिवशी काढा. तिने पाणी झाकलं की ऊन आत जात नाही आणि शेवाळ मरतं.

शेवटचं पाणी आम्ही हत्तीगवताला देतो, गवत जोरात येतं. पालेभाजीला देऊ नका. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: धुण्याच्या सोड्यातलं सोडियम तळ्यात निघत नाही, उलट बाष्पीभवनाने ते दाट होतं. काळ्या जमिनीत ते साचलं की माती घट्ट होते. म्हणून आम्ही वाफे बदलत राहतो आणि पावसाने जमीन धुऊन निघू देतो.

माझी खरी तळमळ देखभालीबद्दल आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरले होते. त्यात खोदाई होते, पण गटारीच्या जाळीत अडकलेलं प्लास्टिक रोज काढणाऱ्याचा पगार कुठून द्यायचा? जाळी दोन दिवस तुंबली की गटार उलटी गल्लीत येते. वित्त आयोगाच्या बंधित निधीत, म्हणजे ठरावीक कामांसाठीच मिळणाऱ्या पैशांत, स्वच्छतेचा वाटा असतो, त्यातून एका माणसाची मजुरी आधी ठरवा आणि त्याला हातमोजे, गमबूट द्या. शौचालयाच्या टाकीचं तोंड गटारीत सोडणाऱ्या घरांना तळी सुरू होण्याआधीच समजावा. गटारीला मैला येऊ लागला की पहिल्या तळ्यावरचा भार वाढतो आणि वासही.

खोदाईच्या नकाशात एक सोय लिहून घ्या. पहिलं तळं एक तृतीयांश गाळाने भरलं की उपसावं लागतं, तेवढे दिवस पाणी थेट दुसऱ्या तळ्यात वळवणारी नाली हवी. आमच्याकडे ठेकेदाराने ती ठेवली नाही. आता भरलेल्या तळ्याच्या कडेने नवीन चर खणायचा खर्च ग्रामपंचायतीवर आला आहे.