पिकअपचा गिअरबॉक्स घरी उतरवायचा तर कसला जॅक घ्यावा: अर्ध्या टनाच्या कात्री जॅकचे परीक्षण

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा इसुझू डी-मॅक्स, गाडी कोणतीही असो, क्लच प्लेट बदलायची म्हटले की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. या गाड्यांची मांडणी सरळ आहे. पुढे लांबीत बसवलेले इंजिन, त्याला चिकटून गिअरबॉक्स, मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट. सगळे काम खालून होते. फोर बाय फोर नसलेला पाच गिअरचा बॉक्स साधारण ४० ते ५० किलो भरतो. दोन धट्टीकट्टी माणसे तेवढे वजन सहज पेलतात, म्हणून जॅक कशाला, असा विचार बरेच जण करतात.

पण इथे वजन पेलणे हा प्रश्नच नाही. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या दातांतून आरपार जातो आणि त्याचे टोक इंजिनच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, मध्यातल्या पायलट बेअरिंगमध्ये बसते. बेल हाउसिंगचे (बॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या, घंटेसारख्या पुढच्या कवचाचे) बोल्ट निघाल्यापासून शाफ्ट पूर्ण मोकळा होईपर्यंत बॉक्स किंचितही खाली झुकला, तर सगळा भार प्लेटच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, येतो. हब वाकतो, प्लेट डगमगते आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. उतरवताना असे झाले तर फार बिघडत नाही, जुनी प्लेट भंगारातच जायची असते. बसवताना झाले तर कोरी प्लेट गेली आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ट्रान्समिशन जॅक (गिअरबॉक्स उतरवण्याचा खास जॅक) घ्यायचा तो कोन धरून ठेवण्यासाठी, आणि तो कोन किती बारकाईने बदलता येतो यावरच त्याची पारख करावी.

बाजारात तीन प्रकार दिसतात. उंच खांबाचा जॅक दोन खांबांच्या लिफ्टखाली उभ्याने काम करणाऱ्यांसाठी असतो, घरी त्याचा काही उपयोग नाही. दुसरा प्रकार म्हणजे नेहमीच्या ट्रॉली जॅकच्या वाटीत बसवायचे सॅडल, म्हणजे बॉक्स टेकवायची बैठक. तिसरा जमिनीलगतचा कात्री पद्धतीचा हायड्रॉलिक जॅक, ४५० ते ५०० किलो क्षमतेचा, चार चाकांचा, वर झुकवता येणारे सॅडल आणि साखळी असलेला. हे परीक्षण मुख्यतः या तिसऱ्याचे आहे.

याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सॅडल सरळ उभ्या रेषेत वर जाते. ट्रॉली जॅकचा हात कमानीत फिरतो. उंची वाढते तशी वाटी पुढे-मागे सरकते आणि जॅकची चाके त्याच वेळी मोकळी फिरली नाहीत तर बॉक्स ओढला जातो. शिवाय ट्रॉली जॅकवर सॅडल चढवले की मूळ उंचीत ८ ते १० सेंटिमीटरची भर पडते, आणि गाडीखाली सेंटिमीटरला मोल असते. एकाच गाडीचा क्लच पाच-सहा वर्षांतून एकदा बदलणाऱ्याने सॅडलवर भागवायला हरकत नाही. दूध किंवा भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी दोन-तीन पिकअप बाळगणाऱ्याने मात्र कात्री जॅकच घ्यावा.

उंचीचा हिशेब विकत घेण्याआधी कागदावर मांडा. पूर्ण खाली असलेला जॅक सॅडलसकट साधारण २० सेंटिमीटर. त्यावर बेल हाउसिंगची उंची ३८ ते ४० सेंटिमीटर. म्हणजे बॉक्स जॅकवर ठेवूनच बाहेर काढायचा तर चासीखाली ६० सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा हवी. गाडीला खालून आधार देणाऱ्या ३ टनी लोखंडी घोड्या पूर्ण वर काढूनही ४२ सेंटिमीटरच्या आसपास थांबतात. ६ टनी घोड्या ६० पर्यंत जातात, त्या घ्या आणि चासीच्या पट्टीखाली लावा. तेवढी उंची मिळत नसेल तर जॅक तळाला आणून बॉक्स बाजूला प्लायवूडवर उतरवायचा, आधी रिकामा जॅक ओढून काढायचा, मग प्लायवूडसकट बॉक्स. या पद्धतीत ४५ सेंटिमीटरमध्ये भागते, पण बसवताना बॉक्स पुन्हा जॅकवर चढवायला दोन माणसे लागतात.

गाडी फक्त पुढून उचलली तर आणखी एक अडचण येते. समजा गाडी ५ अंश कलली. इंजिनची रेषाही तेवढीच कलते, पण जॅक धावतो सपाट फरशीवर. बॉक्स १५ सेंटिमीटर मागे ओढेपर्यंत तो सुमारे १३ मिलिमीटर खालीही आणावा लागतो, नाहीतर शाफ्ट दातांत अडकतो. रिलीज व्हॉल्व्ह झटके देणारा असेल तर हे जमत नाही. चारही घोड्यांवर गाडी सपाट ठेवली की काम निम्म्याने सोपे होते.

आता दोष. या जॅकची चाके लहान आणि लोखंडी असतात. गुळगुळीत कोब्यावर ती नीट पळतात. शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात, पेव्हर ब्लॉकवर तर प्रत्येक खाचेत. वर ५० किलोचा बॉक्स आणि खाली चाक अडकलेले, अशा वेळी जोर लावला की जॅक कलंडतो. जॅकच्या वाटेवर १८ मिलिमीटरचे प्लायवूड सलग अंथरा, दोन फळ्यांचा सांधा वाटेत येऊ देऊ नका. मातीच्या अंगणात हे काम करूच नये, घोड्यासुद्धा खचतात.

दुसरा दोष साखळीचा. बॉक्सची खालची बाजू कुठेच सपाट नसते, त्यामुळे साखळी कितीही ताणली तरी धक्का बसला की सैल पडते. २५ मिलिमीटरचा रॅचेट पट्टा वेगळा घ्यावा आणि तो बॉक्सच्या कवचावरून आवळावा, स्विच किंवा वायरिंगवरून नव्हे. सॅडलच्या चार कोपऱ्यांतले सरकते ब्रॅकेट कामाचे आहेत. ते कवचाच्या कडांना भिडवून नट घट्ट करा, राहिलेल्या फटीत लाकडी पाचर द्या. बॉक्सचा तोल मध्यावर नसतो, बेल हाउसिंगच्या बाजूला असतो, म्हणून सॅडल पुढे सरकवून लावावे. फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी ट्रान्सफर केस एका अंगाला असल्याने वजन वाढते आणि तोलही तिकडे जातो. तिथे शक्य असेल तर ट्रान्सफर केस आधी वेगळी काढावी.

सॅडल पुढे-मागे झुकवणारा स्क्रू या जॅकचा प्राण आहे. बेल हाउसिंगचे वरचे दोन-तीन बोल्ट एरवी पान्याला सापडत नाहीत, आणि त्यासाठी कुणी केबिनची फरशी उचकटते. त्याची गरज नाही. बॉक्स पेलणारी चासीची आडवी पट्टी, म्हणजे क्रॉस मेंबर, काढल्यावर जॅक हळूहळू खाली घ्या आणि बॉक्सची शेपटी ५ ते ७ सेंटिमीटर झुकवा. मागून ६० सेंटिमीटरच्या एक्स्टेन्शनला यू-जॉइंट आणि सॉकेट लावले की ते बोल्ट पोहोचीत येतात. मात्र शेपटी खाली गेली की इंजिनही मागे कलते. फॅन भोवतीच्या आवरणाला, म्हणजे काऊलला, घासतो का, रेडिएटरचे पाइप ताणले जातात का, हे बॉनेट उघडून बघत राहा. इंजिनच्या तळाच्या ऑईल संपखाली लाकडी गुटका घालून दुसरा जॅक लावलेलाच हवा. ट्रान्समिशन जॅक एकट्याने इंजिन आणि बॉक्स दोन्ही सांभाळत नाही.

जॅक खाली सरकवण्याआधीच्या तयारीचा क्रम असा ठेवावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. केबिनमधून गिअर लिव्हर काढा आणि भोकात स्वच्छ कापड कोंबा, एक नट आत पडला तर बॉक्स उघडावा लागतो. गिअर ऑईल काढून घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) रंगाची एकच रेघ मारा आणि मगच बोल्ट सोडा. खूण चुकली तर गाडी वेगात थरथरते. लांब व्हीलबेसच्या गाडीत मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेटही सुटतो, तिथे शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांतून काढू नका. क्लच हायड्रॉलिक असेल तर बॉक्सवरचा, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधा. पाइप उघडला तर हवा शिरते. त्यानंतर पेडलला कुणी पाय लावू नये, पिस्टन बाहेर उडतो. रिव्हर्स स्विच आणि स्पीडोची जोडणी सोडा, स्टार्टर काढा आणि तारेने टांगून ठेवा. वायरवर लोंबकळू देऊ नका. एवढे झाल्यावर जॅक लावून किंचित भार घ्यायचा, मग बॉक्सखालचे फाउंडेशन रबर आणि क्रॉस मेंबर काढायचे.

बॉक्स इंजिनपासून सुटत नसेल तर कारण बहुधा एकच असते, बॉक्स आणि इंजिन जुळवणाऱ्या डॉवेल पिनांभोवतीचा गंज. गंज सोडवणारे तेल मारून थांबा आणि हाउसिंगच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पातळ पहार घाला. एकाच बाजूने रेटले तर अॅल्युमिनियमचा कान तुटतो.

बसवताना जॅकला दोन गाइड स्टडची जोड द्या. हाउसिंगच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि इंजिनला समोरासमोर हाताने बसवा. बॉक्स त्यांवरून सरळ सरकतो. प्लेट डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टच्या मापाच्या नकली दांड्याने) मध्यावर आणलेली असली तरी दात जुळायला बॉक्स गिअरमध्ये टाकून मागची फ्लँज थोडी फिरवावी लागते. शेवटचे १०-१५ मिलिमीटर राहिले की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसे करू नका. दात किंवा पायलट बेअरिंग जुळलेले नसते, आणि बोल्टच्या जोराने हब तरी जातो किंवा हाउसिंगला तडा जातो. चारही बाजूंची फट बोटाने चाचपा. वर फट जास्त असेल तर शेपटी खाली झुकली आहे, झुकाव-स्क्रूने ती थोडी उचला. खाली जास्त असेल तर शेपटी उतरवा. हा स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर जो जॅक पाव फेऱ्याएवढाच हलतो, तो घेण्याजोगा.

दुकानातच चार गोष्टी करून पाहा. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-बारा वेळा दांडा मारा, अडकलेली हवा निघून जाते. सॅडलवर दोघांना उभे करा, पूर्ण उंचीवर न्या, जॅकच्या पिस्टनच्या दांड्यावर खडूने खूण करा आणि अर्धा तास थांबा. सॅडल दिसण्याइतके खाली आले तर सील खराब आहे. भार असतानाच व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून पाहा, एक-एक सेंटिमीटर उतरवता आला पाहिजे. झुकवण्याचे दोन्ही स्क्रू भाराखाली हाताने फिरतात का ते बघा. सॅडल बाजूला झुकवणारा स्क्रू बहुतेक जॅकमध्ये जाडाभरडा असतो, तिथे ग्रीस लावल्याने थोडा फरक पडतो. पंप मारायचा आडवा हलणारा दांडा गाडीखाली चाकाला अडतो, म्हणून पायाने दाबायचे पेडल असलेला जॅक मिळाला तर तोच उचला.