उभ्या गाडीची बॅटरी: चालू करत राहायची, वायर सोडायची, चार्जर लावायचा की सोलर?

पोरगा पुण्याला कामाला गेला आणि त्याची मोटरसायकल कोठ्यात टिनाखाली उभी राहिली, की घरच्यांना पहिला उपाय सुचतो तो आठवड्यातून एकदा चालू करून ठेवण्याचा. चार उपायांत सगळ्यात कुचकामी तोच. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं उभ्या गाडीवर पाच मिनिटांत बहुतेकदा परत भरत नाही. आयडलिंगला चार्जिंग मुळात कमी, त्यात एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. बाबा गाडी घेऊन तालुक्याला अर्ध्या तासाची चक्कर मारत असतील, तर गोष्ट वेगळी. मग बाकीच्या भानगडीची गरज नाही.

वायर सोडून ठेवायला पैसा लागत नाही. इंजेक्शनवाल्या बीएस-6 गाडीत घड्याळ, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), वरून लावलेला जीपीएस, हे सगळं चावी बंद असतानाही थोडंथोडं खात असतं. काळी वायर सोडली की ते थांबतं. घड्याळ मागे पडेल, बिघडणार काही नाही. पण बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते: 25 अंशांत महिन्याला साधारण 3 ते 5 टक्के, आणि दर 10 अंश वाढले की हा वेग जवळपास दुप्पट. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात टिनाखाली काय होत असेल ते समजून घ्या. म्हणून उन्हाळ्यात बॅटरी काढून आतल्या थंड खोलीत आणायची. फरशीवर ठेवली की उतरते असं म्हणतात. आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला त्यानं काही होत नाही.

महिन्यातून एकदा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. 12.6 व्होल्ट किंवा वर असेल तर राहू द्या, 12.4 च्या खाली गेली तर चार्ज करून आणा. तशीच उतरलेली ठेवली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी धरत नाही.

ऑटोमॅटिक चार्जर हा सगळ्यात बिनघोर मार्ग, पण घेताना दोन गोष्टी बघा. बॅटरीवर जेवढे एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलेत, त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास करंट हवा; 5 एएचला अर्धा अँपियर. दुसरी गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची: लाईन जाऊन आल्यावर चार्जर आपोआप सुरू होतो का? काहींचं बटण पुन्हा दाबावं लागतं, आणि कोठ्यात ते दाबायला कोण जाणार?

फवारणी पंपाचा चार्जर लावणारे गावोगावी आहेत. तोही 12 व्होल्टच्या बॅटरीचाच, पण पंपाची बॅटरी सहसा 8 किंवा 12 एएचची, चार्जर त्या मापाचा. 9 एएचच्या गाडीला दोन-तीन तास, समोर बसून, चालून जातं. छोट्या बॅटरीला नको, आणि लावून विसरायला तर मुळीच नको.

सोलरला ऊन भरपूर, 5-10 वॅटचं पॅनल पुरतं, मात्र मध्ये कंट्रोलर, म्हणजे चार्जिंग आवरणारा डबा, पाहिजेच. शेताच्या कुंपणाला लावतात त्या झटका मशीनचं मोठं पॅनल थेट बॅटरीला जोडलं तर 17-18 व्होल्टच्या जोरानं ती उकळते. शिवाय टिनावर वानरं नाचतात, त्याचाही हिशोब धरा.

माझं मत विचाराल तर महिन्याभरासाठी नुसती वायर सोडा. त्याहून जास्त दिवस असतील तर बॅटरी काढून दर महिन्याला मोजा, लागेल तेव्हा बॅटरीवाल्याकडे न्या. लाईन बऱ्यापैकी राहत असेल आणि गाडीला किक नसेल, तर चार्जरचा खर्च पटतो. सोलर फक्त शेतातल्या झोपडीवर, जिथे लाईनच नाही.

काढताना आधी काळी, मग लाल. बसवताना आधी लाल. पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. चार्जिंगची जागा चुलीपासून लांब ठेवा, बॅटरीतून गॅस निघतो.