वायझेड 250 की वायझेड 250 एफ?

यामाहाच्या या दोन मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरील शर्यतीच्या) गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर निळा रंग, अॅल्युमिनियमची चौकट आणि मागचा एकच शॉक यांमुळे त्या सख्ख्या बहिणी वाटतात. हाकान अँडरसन याने 1973 साली ज्या एकेरी शॉकच्या गाडीवर 250 सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले, तिचा वारसा दोघींकडेही आहे. त्यामुळे सस्पेन्शनवरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक इंजिनाचा आहे. 250 टू-स्ट्रोक आहे, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेरीत एकदा इंधन जाळणारी, तर 250 एफ फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा.

एकेकाळी मोटोक्रॉसमध्ये टू-स्ट्रोकचा इतका दबदबा होता की, ज्यांना हे इंजिन मनापासून नावडते होते त्या सोइचिरो होंडा यांच्या कंपनीलाही 1973 च्या सुमारास एल्सिनोर ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी बाजारात आणावी लागली. हे चित्र यामाहानेच पालटले. डग हेन्री याने 1997 मध्ये लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची) शर्यत फोर-स्ट्रोकच्या प्रायोगिक गाडीवर जिंकली आणि पुढच्याच वर्षी वायझेड 400 एफ विक्रीला आली. मात्र या विजयात नियमांचा वाटा मोठा होता, कारण 250 सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर त्याहून बऱ्याच मोठ्या फोर-स्ट्रोकला उतरण्याची मुभा होती. पुढे बहुतेक ठिकाणी 125 सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर 250 ची फोर-स्ट्रोक आणि 250 च्या टू-स्ट्रोकसमोर 450 ची फोर-स्ट्रोक अशी विभागणी रूढ झाली. म्हणून नावातला आकडा एकच असला, तरी या दोन गाड्या शर्यतीत वेगवेगळ्या गटांत जाऊ शकतात. पैसे मोजण्यापूर्वी आयोजकांना गट विचारून घ्यावा.

चालवताना टू-स्ट्रोक खालच्या आरपीएमला शांत राहते आणि पॉवर व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवरची झडप) उघडला की एकदम उसळते, त्यामुळे नवख्याचे मनगट तिथे हमखास चुकते. 250 एफ मात्र ताकद सलग देते आणि थ्रॉटल सोडताच इंजिन स्वतःच वेग आवरते. निसरड्या मातीत हा मोठाच आधार असतो. वजनातला फरक जेमतेम तीन किलोंचा आहे, पण वळणावर टू-स्ट्रोक त्याहून बरीच हलकी भासते.

देखभालीत पारडे उलट फिरते. टू-स्ट्रोकमध्ये दर लिटर पेट्रोलला सुमारे 33 मिली ऑइल मोजून मिसळावे लागते आणि किकही मारावी लागते, तर 250 एफला 2019 पासून बटणस्टार्ट आहे. परंतु टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसल्याने, आरएक्स 100 चे बोअर-पिस्टन ज्याने केले आहे असा आपल्याकडचा कोणताही जाणता मेकॅनिक ते इंजिन एका दुपारीत खोलून बसवतो. 250 एफमध्ये टायमिंग चेन, दोन कॅमशाफ्ट, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह आणि शिम (व्हॉल्व्हची फट जुळवणाऱ्या छोट्या चकत्या) आहेत. तिथे चूक झाली, तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे नियमित शर्यती खेळणाऱ्याने, आणि हाताशी तयार मेकॅनिक असलेल्यानेच, 250 एफ घ्यावी. सरावासाठी आणि स्वतःच्या हाताने पाना फिरवण्याच्या हौसेसाठी मी टू-स्ट्रोकच निवडेन, मात्र पहिले काही महिने थ्रॉटल जपूनच उघडावा लागेल.

जुनी गाडी घेताना टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप काढावा आणि पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का, ते पाहावे. 250 एफमध्ये असे डोकावून भागत नाही. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) उघडून क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मोजावा लागतो, आणि तो फार कमी भरला तर व्हॉल्व्ह झिजत आले आहेत असे समजून किंमत ठरवावी.