इंग्लंडातली मावसबहीण की न्यू जर्सीतला चुलतभाऊ? यंदा कुणाकडे जावं?

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबापुढे सध्या हा प्रश्न आहे. मावस नणंद इंग्लंडात, चुलत दीर न्यू जर्सीत. दोघांचीही आमंत्रणं मनापासूनची, पण पैसे आणि रजा एकाच प्रवासापुरत्या. बरोबर सासू-सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा. मी दोन्हीकडे जाऊन आले आहे. २०२३ च्या जूनमध्ये रेडिंगला मावसबहिणीकडे, २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एडिसनला चुलतभावाकडे. दोन्ही वेळा आई-बाबा बरोबर होते. त्या कुटुंबाला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

‘कोणता देश जास्त बघण्यासारखा’ यावरून ठरवायला गेलात तर कधीच ठरणार नाही. आपण नातेवाइकांकडे चाललोय आणि त्यांच्याबरोबर त्यांचा देश बघायचाय. म्हणून आधी विचारायचं ते हे, की ती माणसं तुम्हाला किती दिवस मिळणार, आणि ती कामावर गेली की तुमच्या घरातली वयस्कर मंडळी दिवसभर काय करणार.

इंग्लंडात पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला २८ दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरलेल्या असू शकतात, तरी रजा हक्काची असते. अमेरिकेत खासगी नोकरीत भरपगारी रजा द्यायलाच हवी असा देशव्यापी कायदा नाही. कंपनी देईल तेवढी रजा, आणि ती भारतात येण्यासाठी साठवून ठेवलेली. माझ्या बहिणीने आमच्यासाठी आठ दिवस काढले. भावाला तीनच काढता आले, तेही लाँग वीकेंडला जोडून. त्याच्या प्रेमात काडीचीही कसर नव्हती. पहाटे उठून आईसाठी चहा ठेवून तो कामाला बसायचा. पण आम्ही पाच आठवडे तिथे होतो आणि फिरणं झालं ते जवळजवळ सगळं शनिवार-रविवारी.

आता व्हिसा. इंग्लंडचा अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे पुण्यातल्या केंद्रावर द्यायचे. मुलाखत सहसा होत नाही. बँकेचे कागद, नोकरीचं पत्र आणि बहिणीचं ‘हे माझ्या घरी राहणार आहेत’ असं पत्र जोडायचं. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. सहा महिन्यांचा व्हिसा पुरतो. अमेरिकेसाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत प्रत्यक्ष जावं लागतं, आणि मुलाखतीची तारीख मिळायला कधीकधी बरेच महिने लागतात. मात्र मिळाला तर भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो. दर वेळी किती दिवस राहता येईल ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने. म्हणून अमेरिकेला यंदा जायचं नसलं तरी अर्ज आत्ताच करून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. फी आणि नियम बदलत असतात, ते भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच बघा. आणखी एक, इंग्लंडच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही आणि अमेरिकेच्या व्हिसावर नायगाराच्या कॅनडाच्या बाजूला जाता येत नाही. घरातल्या मोठ्यांना हे आधी सांगा, नाहीतर तिथे पोचल्यावर हिरमोड होतो.

मुंबईहून लंडन थेट विमानाने दहा तासांच्या आसपास, न्यू जर्सीतलं नेवार्क सोळा तासांच्या. बाबांचे पाय लंडनला उतरताना ठीक होते. नेवार्कला बूट घालता येईनात इतके सुजले होते. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, न्यू जर्सी साडेनऊ तास. रेडिंगला तिसऱ्या दिवशी सगळे वेळेवर झोपले. एडिसनला आठवडाभर आई रात्री दोनला स्वयंपाकघरात बसून जप करत होती. त्यामुळे इंग्लंडला तीन आठवडे भरपूर होतात. अमेरिकेला ज्येष्ठांना घेऊन चार आठवड्यांपेक्षा कमी जाऊ नये.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊनंतर, घर रिकामं झाल्यावर.

रेडिंगला बहीण ऑफिसला गेली की आई-बाबा स्वतःचे स्वतः बाहेर पडायचे. घरापासून चार मिनिटांवर बसथांबा. बसने गावात, तिथून चालत फोर्बरी गार्डन्समध्ये. त्या बागेत एक प्रचंड सिंह आहे. १८८० च्या मैवंदच्या लढाईत पडलेल्या बर्कशर पलटणीच्या सैनिकांचं ते स्मारक. त्याच लढाईत, अफगाणिस्तानात, बॉम्बे ग्रेनेडिअर्सही लढले होते. बाबांना हे ठाऊक होतं. तिथे बसणाऱ्या एका इंग्रज आजोबांना त्यांनी ते त्यांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि पुढचे दहा दिवस ते दोघं ठरवून त्याच बाकावर भेटत होते. हे कुठल्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमात बसलं नसतं.

रेडिंगहून जलद गाडीने लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन अर्ध्या तासावर, ऑक्सफर्ड तेवढंच, बाथ तासाभरावर. साठीच्या वरच्यांना सीनिअर रेलकार्ड काढता येतं, पाहुण्यांनाही. पासपोर्ट दाखवायचा, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. सकाळची गर्दीची वेळ टाळली की तिकीट आणखी उतरतं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम या सगळ्यांत प्रवेश मोफत आहे, म्हणून दोन तास बघून पाय दुखले तर निघून येता येतं. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना फरफटत न्यावं लागत नाही.

बाबांचा लंडनातला दिवस मात्र वेगळाच होता. त्यांना दोनच घरं बघायची होती. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते हाउली प्लेसवरचं १० नंबरचं घर, आणि बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थीदशेत १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं. दुसरं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आहे. पहिलं आजही कुणाचं तरी राहतं घर आहे, बाहेरून पाटी वाचायची. दोन्ही घरं रीजंट्स कालव्याच्या काठाकाठाने चालत जोडता येतात. बहीण त्या शहरात नेहमी ये-जा करणारी, पण वीस वर्षांत या दोन्ही घरांपाशी कधी गेली नव्हती. ‘तुमच्यामुळे माझं लंडन बघून झालं,’ असं ती परतीच्या गाडीत म्हणाली. एकत्र फिरण्याचं सुख मला तरी तिथे कळलं. पाहुणे आले की यजमानांनाही आपलं गाव नव्याने दिसतं.

आणि जूनमधला उजेड! लंडनला साडेनऊपर्यंत अंधार पडत नाही. बहीण साडेपाचला लॅपटॉप मिटायची, सहाला आम्ही थेम्सच्या काठी डबे घेऊन. रजा न घेताही रोज तीन तास एकत्र मिळायचे. जूनच्या ऐवजी नोव्हेंबरात गेलात तर हे सगळं विसरा. तेव्हा साडेचारलाच दिवस संपतो.

एडिसनला साडेनऊनंतरची वेळ कठीण होती. भावाचं घर सुरेख, मोठं, मागे डेक, समोर हिरवळ. पण त्याच्या वस्तीत सगळीकडे पदपथ नाहीत, आणि ओक ट्री रोडवरची आपली दुकानं, जिथे आईला दिवसभर करमलं असतं, ती गाडीशिवाय गाठता येत नव्हती. न्यूयॉर्कला जाणारी गाडी आहे, मेट्रोपार्कहून पाऊण तासात पेन स्टेशन. पण मेट्रोपार्कपर्यंत कुणीतरी सोडायला हवं. आई दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, ‘सगळं छान आहे गं, पण मला कुणाला तरी विचारूनच उंबरा ओलांडावा लागतो.’ पुण्यात रोज भाजी आणायला स्वतः जाणाऱ्या बाईचं हे वाक्य आहे. तुमच्या सासूबाई अशाच असतील तर याचा खरंच विचार करा.

पण अमेरिकेने आम्हाला जे दिलं ते इंग्लंडला देता आलं नसतं. ते म्हणजे गाडीतले तास.

लेबर डेच्या लाँग वीकेंडला नायगाराला गेलो. एडिसनहून सुमारे साडेसहाशे किलोमीटर. सात आसनी गाडी, सात माणसं, दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा. पेनसिल्वेनियाच्या डोंगरांतून जाताना मोबाइलची रेंज गेली, मुलांनी मान वर केली, आणि भावाने काकांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, शेवटच्या दिवसांबद्दल बोलायला सुरुवात केली. तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. बाबा मागच्या सीटवरून त्याला सगळं सांगत होते, त्या रात्री कोण होतं, काका काय म्हणाले. अकरा वर्षांत फोनवर हे बोलणं कधी झालं नव्हतं. रेडिंगहून बाथला जाणाऱ्या आगगाडीत, समोर अनोळखी माणसं बसलेली असताना, ते झालं नसतं. धबधबा भव्य आहेच, होडीतून अंगावर तुषार घेतले. पण मला त्या प्रवासातला आठवतो तो रस्ता.

वॉशिंग्टन गाडीने चार तासांवर आहे आणि तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयंही मोफत आहेत. दहा वर्षांच्या मुलासाठी विमानांचं आणि अवकाशयानांचं संग्रहालय चुकवू नका. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठही आहे, पण बाहेरच्यांना आवारात सोडतात का ते आधी बघा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले आणि ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे.

राहण्याच्या सोयीत अमेरिका उजवी. इंग्लंडातली घरं लहान असतात, आणि बहिणीकडे न्हाणीघर आणि संडास दोन्ही वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याने. भाच्याने आपली खोली आम्हाला दिली आणि तो तीन आठवडे बैठकीत झोपला. म्हणून इंग्लंडला गेलात तर मधले चार-पाच दिवस सगळ्यांनी मिळून घराबाहेर काढा. आम्ही लेक डिस्ट्रिक्टमध्ये विंडरमिअरजवळ एक कॉटेज घेतलं. त्याचे पैसे आम्ही भरले, किराणा बहिणीने. हे निघायच्या आधी फोनवर स्पष्ट ठरवलं होतं. आपल्याकडे यजमान पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत आणि पाहुण्यांना रोज रोज अवघडल्यासारखं होतं. एक मोठी गोष्ट तुमच्याकडे घेऊन टाकली की दोघंही मोकळे होतात. तिथे आपल्या परवान्यावर गाडी चालवता येते आणि वाहतूकही डावीकडून, त्यामुळे भाड्याची गाडी आमच्या यांनी चालवली आणि मेव्हण्यांना खरी सुट्टी मिळाली. अमेरिकेत उजवीकडून चालवायचं, आंतरराष्ट्रीय परमिट बरोबर ठेवायचं. यांनी तिथे स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि सगळा भार भावावर पडला.

विम्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नका. इंग्लंडात अपघात विभागातली तातडीची तपासणी मोफत असते, पण दाखल व्हावं लागलं तर पाहुण्याला बिल येतं. अमेरिकेत तर साध्या तपासणीचंही येतं. रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी ‘आधीचा आजार अचानक बळावला तर काय’ हे कलम विकत घेण्याआधी वाचावं.

खाऊ नेण्याबद्दलही सांगते, कारण विमानतळावर आईचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. इंग्लंडात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, घरचं तूप सगळं बाद. अमेरिकेत ताजी फळं आणि ताजा कढीपत्ता चालत नाही. चकली, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला दोन्हीकडे बिनघोर जातो. जे नेताय ते विचारलं की सांगायचं, लपवायचं नाही.

अमेरिकेच्या पारड्यात एक दिवस मात्र मी नक्की टाकेन. ७ सप्टेंबर २०२४ ला गणेश चतुर्थी शनिवारी आली होती. भावाकडे दीड दिवसाचा गणपती. एरवी तो मोबाइलवर आरती लावायचा. त्या वर्षी बाबांनी पूजा सांगितली आणि त्याच्या मुलीने, जी मराठी समजते पण बोलायला लाजते, अथर्वशीर्षाच्या पहिल्या चार ओळी त्यांच्यामागून म्हटल्या.

तर सोसायटीतल्या त्या कुटुंबाला मी इंग्लंड सांगितलं, जूनचा. सासऱ्यांना रोज फिरायची सवय आहे, सासूबाईंना कुणावर अवलंबून राहणं जमत नाही, आणि नणंदेला दहा दिवस रजा मिळतेय. तिच्याकडे संडास वरच आहे, म्हणून आधी तळमजल्यावर झोपायची सोय आणि खालचा एखादा पर्याय विचारून घ्यायला सांगितलं. सासरे जर गुडघ्यांमुळे घरातच बसणारे असते, किंवा दिराला गणपतीच्या आसपास सलग आठवडा मिळणार असता, तर मी अमेरिकाच सांगितली असती. त्यांनी पुण्याच्या केंद्राची तारीख घेतली आहे. अमेरिकेचा अर्जही परवा रात्री बसून भरला, आणि मुंबईची तारीख मिळेल तेव्हा मिळो म्हणून दिराला तसं कळवलं. दिराने लगेच विचारलं, ‘पुढच्या वर्षी गणपती कधी आहेत?’