लिनक्स डेस्कटॉपवर १४ महिने: चांगलं काय, वैताग कुठे, आणि परत का आले

आधी सांगून टाकते, मी लिनक्सच्या (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेली सिस्टिम) विरोधात नाही आणि कुठल्या कंपनीची फॅनपण नाही. माझं काम म्हणजे पुस्तकांचा लेआउट लावणं, फोटो साफ करणं, लेखकांच्या वर्ड फाइलींमधल्या दुरुस्त्या घेणं आणि दिवसाला दोन-तीन ऑनलाइन मीटिंगा. कॉम्प्युटर बसला की माझं सगळं बसतं. असं असताना मी १४ महिने हे सगळं लिनक्सवर करून पाहिलं, अगदी मनापासून केलं, फोरम वाचले, टर्मिनल (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) शिकले. डिस्ट्रोचं (लिनक्स वेगवेगळ्या तयार रूपांत मिळतं, त्यातलं एक म्हणजे डिस्ट्रो) नाव घेत नाही कारण मी त्या काळात तीन बदलल्या आणि पुढे जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने तिन्हींना लागू आहे.

सुरुवात झाली मावसभावामुळे. दादा एका ऑफिसात सर्व्हर सांभाळतो. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नव्हता, कारण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. दादा म्हणाला, "अगं चांगला चालता लॅपटॉप कशाला टाकतेस, लिनक्स टाक, फुकट आहे, अख्खं जग त्याच्यावर चालतं." म्हणून टाकलं. आणि त्या जुन्या लॅपटॉपवर खरंच सुंदर चाललं! पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता, ही सोय मला फार आवडली. इन्स्टॉल अर्ध्या तासाच्या आत. जुना प्रिंटर काहीही न टाकता आपोआप ओळखला. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि पीडीएफ आरामात उघडत होते, अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवत होते, स्टार्ट मेनूत जाहिराती नाहीत, अकाउंट उघडा म्हणून मागे लागणं नाही. एवढ्यावर थांबले असते तर हा रिव्ह्यू पाचपैकी पाच देऊन इथेच संपला असता.

पण मला वाटलं की एवढं छान चालतंय तर नव्या लॅपटॉपवरपण हेच टाकू आणि कामाचं सगळं इकडेच आणू, आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

पहिला मोठा दणका वाय-फायचा. नव्या लॅपटॉपमधल्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता, बाहेरून आणून टाकावा लागला, तो चालला, मी विसरूनही गेले. मग एका सकाळी कर्नलचं अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि वाय-फाय गायब. म्हणजे यादीत नेटवर्कच नाही, वाय-फायचं चिन्हच नाही. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, ते आपोआप व्हायला हवं असतं, त्या दिवशी झालं नाही. वीस मिनिटांनी लेखिकेबरोबर मीटिंग होती. फोन केबलने जोडून नेट घेतलं आणि धापा टाकत मीटिंगला बसले. उपाय नंतर कळला, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते: मशीन सुरू होताना ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेनूत जाऊन आधीचं कर्नल निवडायचं, ते काढून टाकलेलं नसतं, तिथेच असतं. उपाय सोपाच आहे, पण तो मला कुणी सांगितला नव्हता, अपडेट करतानाच्या खिडकीतही काही लिहिलेलं नव्हतं, दोन तास शोधल्यावर सापडला.

दुसरं, झोप. लॅपटॉप मिटवून बॅगेत टाकायचा आणि तीन तासांनी काढायचा तर गरम आणि बॅटरी जवळपास संपलेली. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची गाढ झोप देतच नाहीत, त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय (अर्धवट जागी झोप) असतं, आणि ते नीट चालणं फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या सहकार्यावर अवलंबून. न्यायाने बोलायचं तर विंडोजवरही लोकांनी याबद्दल खूप तक्रारी केल्यात. पण माझ्या याच लॅपटॉपवर विंडोज नीट झोपतं आणि लिनक्स झोपत नव्हतं, माझ्यापुरता हाच निकाल.

तिसरं स्क्रीनचं, आणि माझ्या धंद्यात हे सगळ्यात जास्त टोचणारं. मोठ्या रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर अक्षरं नीट दिसायला १२५ किंवा १५० टक्के मोठं करावं लागतं. स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या वेलँड पद्धतीत चालणारे प्रोग्रॅम व्यवस्थित दिसतात, पण जुन्या एक्स ११ साठी लिहिलेले पुसट दिसतात, जणू चष्म्यावर वाफ बसलीय. आणि रंग! मी मॉनिटर कॅलिब्रेट करते, म्हणजे त्याचे रंग मोजून जुळवून घेते, कारण छापून आलेलं मुखपृष्ठ स्क्रीनपेक्षा वेगळं निघालं तर बोलणी मला बसतात. वेलँडचं काम सुरू झालं २००८ मध्ये, आणि कलर मॅनेजमेंटचा (रंग अचूक दाखवायचा) प्रोटोकॉल त्यात सामील झाला २०२५ मध्ये. मधली सतरा वर्षं रंगावर काम करणाऱ्यांनी काय करायचं? जुन्या एक्स ११ वरच थांबायचं, असं उत्तर मिळायचं. तसं थांबता येतं हे खरं, पण मग नवं म्हणून जे सांगता ते माझ्यासाठी नव्हतंच.

मग मी दादाला फोन केला, जरा चिडूनच. म्हटलं, "दादा, तुझ्या सर्व्हरवर असं होत नाही का रे? अपडेट झालं आणि नेटवर्क गेलं?" तो म्हणाला, "नाही गं, आमची मशीनं लिनक्ससाठी सर्टिफाय केलेलीच घेतात, आणि अपडेट आधी टेस्ट मशीनवर जातं." मी विचारलं, "आणि तरी बिघडलं तर?" तर म्हणे, "सपोर्टचं तिकीट टाकतो, वर्षाचं सबस्क्रिप्शन आहे ना." मी दोन मिनिटं गप्पच बसले. म्हणजे दादाचं लिनक्स फुकट नाहीये! त्याच्यामागे पगारी माणसं आहेत, निवडलेलं हार्डवेअर आहे, तिकीट उचलणारं कुणीतरी आहे. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही आणि सल्ला मात्र दोघांना एकच.

या एका फोननंतर मला सगळीच चर्चा वेगळी दिसायला लागली. लिनक्सचं कौतुक करताना लोक जी उदाहरणं देतात ती सगळी खरी आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर आहे. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचंच कर्नल आहे. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे गेम खेळायचं हातातलं मशीन लिनक्सवर चालतं आणि त्यावर विंडोजचे कितीतरी गेम मस्त चालतात. पण प्रत्येक ठिकाणी बघा, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकमेकांना जुळवून द्यायचं काम कुणाचं तरी नोकरीचं काम आहे. खुद्द कर्नलसुद्धा, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये एकट्याने सुरू केलं असलं तरी आज त्यातलं बहुतेक काम कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. सर्व्हरवर त्या कंपन्यांचा धंदा आहे म्हणून सर्व्हरचं काम चोख होतं. माझ्या लॅपटॉपच्या झोपेत कुणाचा धंदा आहे? ज्या कंपनीने लॅपटॉप बनवला तिने तो विंडोजवर तपासून विकला, लिनक्सवर चालेल असं कधी म्हटलंच नव्हतं. मग ते जुळवायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात.

आता "कोड उघडा आहे म्हणजे सुरक्षित" हे वाक्य. मीपण आधी हे दुसऱ्यांना ऐकवायचे. उघडा आहे म्हणजे वाचता येतो, पण वाचला जातोच असं नाही. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या उघड्या कोडच्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड नावाचा दोष २०१२ च्या व्हर्जनमध्ये गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला, दोन वर्षं तो कितीतरी सर्व्हरांवर पडून होता आणि तो प्रकल्प मोजक्या माणसांच्या जिवावर चालला होता. २०२४ चं एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) प्रकरण तर वाचून अंगावर काटा येतो. जवळपास एकटाच माणूस सांभाळत असलेला छोटासा प्रकल्प, त्याच्यावर कामाचा ताण, मदतीला म्हणून आलेल्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये मागचं दार, म्हणजे मशीनमध्ये चोरून शिरायची वाट, बसवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचच्या (दुरून दुसऱ्या मशीनवर काम करायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने खोदत जाऊन शोधून काढलं. त्याला सलाम. कोड उघडा नसता तर त्याला इतकं खोदताच आलं नसतं, हेही मान्य. पण तो फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, आणि ज्याच्या खांद्यावर तो प्रकल्प होता तो बिनपगारी होता, हे मला विसरता येत नाही.

"ओपन सोर्स कंपनीच्या लहरीवर नसतं" हेही अर्धंच. सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल असं धरून लोकांनी ते बसवलं होतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ते २०२१ च्या शेवटी बंद. त्यानंतर रॉकी आणि अल्मा हे पर्याय पटकन उभे राहिले, बंद कोडच्या सॉफ्टवेअरचं असं होऊच शकत नाही, हा फायदा मी कधी नाकारणार नाही. पण ज्यांना शेकडो मशीनं हलवावी लागली असतील त्यांचे दिवस कुणी भरून दिले?

आता विकतवाल्यांकडे वळते, नाहीतर वाटेल की मी त्यांची बाजू घेतेय. पैसे दिले म्हणजे जबाबदारी मिळाली असं अजिबात नाही. लिनक्सच्या लायसन्समध्ये 'कसलीही हमी नाही' असं स्वच्छ लिहिलंय, पण विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही एकदा नीट वाचा, नुकसानभरपाईचे हात तिथेही बांधलेले असतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, विमानं थांबली, तेही सगळे पैसे भरणारेच ग्राहक होते. आणि भाड्याने सॉफ्टवेअर वापरायची पद्धत मला मनापासून नकोशी आहे, दर महिना भरत राहा, थांबलात की दहा वर्षांपूर्वीचं आपलंच काम त्यात उघडत नाही.

तरीपण मी परत का आले? कामाच्या फाइलींमुळे. प्रेसला आणि दुसऱ्या डिझायनरांना इनडिझाइन या लेआउटच्या विकतच्या प्रोग्रॅमची फाइल लागते आणि ती स्क्रायबस या फुकट पर्यायात थेट उघडत नाही, आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल प्रकार) करून आणली तर पुष्कळ काही येतं पण स्टाइल आणि ओळी पुन्हा तपासत बसावं लागतं. स्क्रायबस वाईट नाही, कोऱ्या पानापासून सुरू करून पीडीएफपर्यंत एकटीने जायचं असेल तर सीएमवायकेसकट (छपाईचे चार रंग) चोख काम देतं, मी त्यात एक कवितासंग्रह पूर्ण केला आणि त्याचा मला आनंद आहे. गिम्प या फोटोच्या फुकट प्रोग्रॅममध्ये मूळ फोटो न बिघडवता इफेक्ट लावायची सोय मार्च २०२५ च्या ३.० मध्ये आली, आली हे चांगलंच. लिबरऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये साधी वर्ड फाइल छान उघडते, वर्डच्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो फॉन्ट टाकलात तर ओळीही हलत नाहीत कारण अक्षरांची रुंदी सारखीच ठेवलीय. पण टेबलं, टेक्स्ट बॉक्स आणि तीन जणांच्या दुरुस्त्या एकत्र असलेली फाइल आली की धाकधूक. एकदा परत पाठवलेल्या फाइलमध्ये तळटिपा सरकल्या, लेखकाच्या लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं.

मी वहीत टिपून ठेवत होते, या १४ महिन्यांत काम सोडून नुसतं सिस्टिम चालू ठेवायला गेलेला वेळ भरला ६१ तास. कुणी म्हणेल त्यात शिकलीस किती! शिकले, खरंय. पण ते ६१ तास पुस्तकांचे होते.

कुणी टाकावं? जुना लॅपटॉप आहे, ब्राउझर, मेल, सिनेमे, लिहिणं-वाचणं एवढंच आहे, तर डोळे झाकून टाका. प्रोग्रॅमिंग शिकायचंय, सर्व्हरकडे जायचंय, तर टाकाच. नवीन लॅपटॉप लिनक्ससाठीच घ्यायचा असेल तर कंपनीने लिनक्स बसवूनच विकलेला घ्या, फरक जमीन-अस्मानाचा असतो. आणि आहे त्या मशीनवर टाकायचं असेल तर आधी पेनड्राइव्हवरून दोन दिवस चालवा, वाय-फाय, आवाज, कॅमेरा, बाहेरचा मॉनिटर, आणि झाकण मिटवून उघडणं, हे सगळं करून बघा, नुसता डेस्कटॉप सुंदर दिसतोय म्हणून भुलू नका. दुसऱ्यांबरोबर इनडिझाइन किंवा गुंतागुंतीच्या वर्ड फाइलींची देवघेव असेल तर आत्ता नको.

रेटिंग द्यायचं तर जुन्या लॅपटॉपला ५ पैकी ५, नव्या लॅपटॉपवरच्या माझ्या कामाला २. नव्यावर विंडोज परत टाकलंय. जुन्यावर लिनक्स तसंच आहे, प्रुफं मी त्याच्यावरच वाचते, आणि कवितासंग्रहाच्या फाइली तिथेच आहेत. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बिघडलं की मला फोन करायचास ना." मी म्हटलं, "दादा, केला होता की. तू ऑफिसात होतास."