मांडवीवरील नौकाविहार : पणजीत कोणती बोट घ्यावी?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते, त्यामुळे तिथे बोटीत बसणे म्हणजे माहेरच्या माणसांनी लेकीला सासरी जाऊन भेटणेच होय. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन चोर्ला घाटाने उतरलो, ते याच ओढीने.

पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर सुटणारी, तासाभराची मोठी बोट घेतली आणि तिथेच निवड चुकली. कलाकारांनी ‘देखणी’ हे गोव्याचे लोकनृत्य मनापासून सादर केले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र ध्वनिक्षेपकाचा आवाज एवढा होता की शेजारी बसलेल्या आईचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान असलेला आणि पुढे २००० पर्यंत गोव्याची विधानसभा जिथे भरत असे तो आदिलशाही राजवाडा डाव्या काठावर येऊन मागेही पडला, तरी निवेदकाने त्याचा साधा उल्लेख केला नाही. तिकीट देताना ‘रेइश मागुशचा किल्ला जवळून दाखवू’ असे सांगितले होते; प्रत्यक्षात बोट त्याच्या बरीच अलीकडून वळली. शहर पाहायला आलेल्या माणसाची ही फसवणूकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गोव्याहून दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही आणि प्रवास जेमतेम काही मिनिटांचा. पण धक्का सोडताच मागे वळून पाहिले की वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली व्हाइसरॉयची कमान समोर दिसते आणि नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात का प्रवेश करीत असे, ते न सांगता कळते. दुचाक्या, माशांच्या टोपल्या आणि शाळेची मुले यांच्यामधून वाट काढून आई कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे उतरल्यावर तिने ओंजळभर पाणी जिभेला लावून पाहिले. आपल्या म्हादईचे पाणी खारट लागते, हे तिला कितीतरी वेळ पटेना.

सोबत मुले असतील आणि नाचगाण्याची हौस असेल, तर मोठी बोट जरूर घ्यावी. मात्र सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सुटणारी फेरी मागावी, बोट नेमकी कुठवर जाऊन वळते हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि समुद्राच्या दिशेने जाताना डावीकडची खुर्ची धरावी, कारण पणजी शहर त्याच बाजूला आहे.