बाबांचं आतड्याचं ऑपरेशन : वॉर्ड पाच स्टार, डिस्चार्ज काउंटर दीड

पुण्यातलं मोठं हॉस्पिटल आहे, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे. बाबा ७१ वर्षांचे, मोठ्या आतड्यात उजवीकडे कॅन्सरची गाठ, दुर्बिणीतून तेवढा भाग काढून टोकं जोडली.

घरी कधी सोडणार विचारलं तर सर्जननी तारीख दिलीच नाही. म्हणाले, खाल्लेलं पोटात टिकलं पाहिजे, गॅस पास झाला पाहिजे, दुखणं साध्या गोळ्यांवर भागलं पाहिजे, स्वतः उठून बाथरूमला जाता आलं पाहिजे, ताप नको आणि नाडी शांत हवी, एवढं जमलं की मीच जा म्हणेन.

मामाचं वीसेक वर्षांपूर्वी असंच झालेलं तेव्हा नाकात नळी आणि गॅस पास होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे इथे त्याच संध्याकाळी चमच्याने पाणी सुरू केलं तेव्हा आई हबकलीच. दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडमनी कॉरिडॉरमध्ये चालवलं. आणि दिवसातून तीनदा च्युइंगगम! चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय आणि ते हलायला लागतं म्हणे. बाबांचं आयुष्यातलं पहिलं च्युइंगगम, ते कवळीला असं चिकटलं की वॉर्डच्या मावशींनी कवळी नळाखाली धरून नखाने खरवडून काढलं. (नंतर वाचलं, या सगळ्या पद्धतीला इरास, म्हणजे एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी, म्हणतात, नव्वदच्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट या सर्जननी पाया घातला.)

गुरुवारी रात्री गॅस पास झाला, फॅमिली ग्रुपवर अकरा थम्स अप. पण बाबांचं एकच, संडासला झाल्याशिवाय मी हलत नाही. रेसिडेंट डॉक्टरनी शांतपणे सांगितलं, काका, खाताय, पोट फुगलेलं नाही, गॅस जातोय, मग संडास घरी झाली तरी चालते.

शनिवारी चौथा दिवस. रेसिडेंट म्हणाले आज सोडू, मी गाडीपण सांगितली आणि तेवढ्यात सीआरपीचा (शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारी रक्ताची टेस्ट) रिपोर्ट आला, १२४ वरून १६८, नाडी १०४. मोठ्या डॉक्टरनी तिथेच थांबवलं. आतड्याचा जोड गळायचा असेल तर पहिल्या आठवड्यातच बहुतेकदा लक्षात येतं, आणि आकडा दीडशेच्या वर चढत असताना मी घरी पाठवणार नाही म्हणाले. सीटी काढला, गळती नव्हती, सीआरपी रविवारी १३१, सोमवारी ८८, मग सोडलं. मेव्हण्याचं मत की रूमचं भाडं वाढवायला ठेवलं, पण बाबा स्वतः म्हणत होते मी ठणठणीत आहे आणि तरी यांनी ऐकलं नाही, यासाठीच माझे पाच स्टार.

आता दीड स्टारचं. सोमवारी सकाळी साडेनऊला डिस्चार्ज म्हणाले, निघालो पावणेसातला. दिवसभर "इन्शुरन्सकडून अप्रूव्हल नाही आलं" ऐकलं. आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ चा नियम आहे की हॉस्पिटलची रिक्वेस्ट मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने फायनल अप्रूव्हल द्यायचं, म्हणून मी कंपनीला फोन लावला तर कळलं रिक्वेस्टच अडीचला गेलीय! डिस्चार्ज समरी टाइप व्हायची होती, फार्मसीची औषधं परत व्हायची होती. बाबा सकाळी दहापासून शर्ट-पँट घालून बेडच्या कडेला बसलेले, बेड दुसऱ्याला दिलाय म्हणून वॉर्डबॉय मामा दोनदा विचारून गेले.

डाएटचा कागद तर कहरच. तोंडी सांगितलं काही दिवस चोथा कमी, मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक, आणि हातात दिला डायबिटीसचा छापील तक्ता, त्यात काकडीची कोशिंबीर आणि मोड आलेली मटकी! बाबांना डायबिटीस नाही. आईने विचारलं नसतं तर पहिल्याच दिवशी मटकीची उसळ झाली असती.

सिस्टरनी मात्र रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन पोटाची चिमूट धरून कसं द्यायचं हे माझ्याकडून दोनदा करून घेतलं, ऑपरेशनपासून एकूण २८ दिवसांचा कोर्स होता. ताप, उलट्या, पोट फुगणं, दुखणं वाढणं यातलं काही झालं तर थांबू नका म्हणून वॉर्डचा नंबर पेनने लिहून दिला. कार्डावर छापलेला नंबर लावू नका, तो रिसेप्शनला लागतो आणि रात्री कोणी उचलत नाही.